अजून जेवतेय

एका हाताने टाइप करणारं माणूस मला लगेच ओळखू येतं. त्याचं अर्धं वाक्य येतं, मग शुकशुकाट, आणि घास गिळून झाला की उरलेलं अर्धं येतं. उजवा हात खरकटा, आणि डाव्या अंगठ्याला फोनचं पलीकडचं टोक गाठता गाठता नाकी नऊ आलेले. आमच्या ग्रुपचं नावच 'खरकटा हात' आहे. संध्याकाळी ज्यांना एकट्याने जेवावं लागतं त्यांचा हा ग्रुप. ताट वाढून घ्यायचं, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करायचा आणि जेवता जेवता गप्पा मारायच्या. खरं नाव सांगायचं नाही. ताटाचा फोटो टाकायचा नाही. काय केलंय असं विचारायचं तर अजिबात नाही, कारण एकट्यासाठी कोण काय रांधतं ते सगळ्यांनाच माहीत असतं.

सगळ्यात मोठा नियम म्हणजे शेवटचं ताट एकटं राहता कामा नये. ज्याचं झालं त्याने 'हात धुतले' असं लिहायचं आणि जायचं. पण कुणाचं तरी जेवण चालू असेल, तर ते संपेपर्यंत एकाने बसून राहायचं. याला आम्ही सोबत म्हणतो. सोबतीच्या पाळ्या असतात. ग्रुप सांभाळणाऱ्यांना बाकी जग अ‍ॅडमिन म्हणतं, आम्ही वाढपी म्हणतो. वाढपी दोघी होतो, मी आणि टाचणी. एक आठवडा तिचा, एक माझा. टाचणी कपडे उसवून, शिवून, लांबीरुंदी बदलून देण्याचं काम करते, म्हणून ती टाचणी. मी दातांच्या लॅबमध्ये आहे, म्हणून मी कवळी. हे नाव मी स्वतःच घेतलं, तेव्हा लोकांना हसण्याचं पाप लागत नाही.

खरं सांगायचं तर मी थकले होते. दिवसभर डॉक्टरांकडून तोंडांची मापं येतात. मी त्यांत प्लॅस्टर ओतून साचे काढते, मेणाच्या हिरड्या करते, त्यांत एकेक दात बसवते. ज्याची कवळी करायची तो माणूस मला कधीच दिसत नाही. दिसतं त्याचं तोंड, तेही आतून. मान आखडते, डोळे चुरचुरतात आणि नखांमधलं प्लॅस्टर काही केल्या जात नाही. घरी यावं, दोन घास खावेत म्हणून ताट घेऊन बसावं, तर ग्रुपवर तक्रारी वाट बघत असायच्या. अमका फार बोलतो. तमकी माझ्या विनोदाला अंगठा देत नाही, पण त्याच्या विनोदाला देते. नवा आलेला कोणी तरी ताटाचा फोटो टाकून मोकळा. कवळी, त्याला समज दे. कवळी, तिला जरा सांग. पूर्वी आम्ही मोजके होतो, आता ही गर्दी झालेली. कुणाचं कुणाला काही ऐकू येत नव्हतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की वाढप्याने आपल्याच पानाजवळ उभं राहावं.

तरी मी टिकून होते ती हॅलोमुळे. हॅलो एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसायची. दिवसभर हॅलो म्हणून लोकांचे फोन कुठे कुठे जोडून द्यायचे. संध्याकाळी तोंड उघडायचीही इच्छा उरत नाही, म्हणून लिहून बोलायला बरं वाटतं, असं ती म्हणायची. ती आली की पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती जणांना हसवलंस?" मग मी सांगायचे. आज एका शिक्षकाचे पुढचे दात केले. आज एका आजींनी माझी कवळी परत पाठवली, म्हणाल्या जुनीसारखीच वाकडी करून द्या, नाही तर नातवंडं ओळखणार नाहीत. हॅलो हसायची. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. तरी दिवसभरात काही घडलं की हे हॅलोला सांगायचं, असं मी मनात बाजूला काढून ठेवत असे. माझी म्हणावी अशी मैत्रीण ती एकच होती.

हॅलोचं जेवण फार हळू चालायचं. सगळे हात धुऊन गेले तरी तिचं 'अजून जेवतेय' चालूच. जबडा दुखतो, चावायला वेळ लागतो, असं तिने एकदा सांगितलं होतं. मग काय, माझ्यातली दातवाली जागी झाली. मी तिला मऊ खायला सांगितलं, घास लहान घ्यायला सांगितलं, दोन्ही बाजूंनी चावायला सांगितलं. कवळी बसत नसेल तर माप पाठव, मी नवी करून देते, असंही म्हणून झालं. त्यावर ती 'बघू' एवढंच म्हणायची. तिची सोबत बहुतेक मीच करायचे, पाळी असो वा नसो. बाकीच्यांना कंटाळा यायचा, मला मात्र तेवढाच वेळ दिवसातला आपला वाटायचा.

एके दिवशी सोबतीची पाळी लिफ्टकाकांची होती. काकांचा उभा जन्म इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात गेला. दोरी बघायची, दार बघायचं, आत किती माणसं मावतात ते बघायचं आणि मगच लिफ्टला परवानगी द्यायची. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी आमचा ग्रुप तपासायला घेतला. आमचे निम्मे नियम त्यांनीच घालून दिलेले. मला त्या दिवशी लॅबमध्ये उशीर झाला होता, म्हणून मी नव्हते. दुसऱ्या दिवशी जुन्या मेसेजांत वर जाऊन वाचलं. सगळे गेल्यावर काका बराच वेळ बसले होते आणि मग त्यांनी लिहिलं होतं, "बाई, तुमचं ताट केव्हाच रिकामं झालं आहे. मला माहीत आहे." आणि खाली 'हात धुतले' लिहून ते चालते झाले होते.

ग्रुपवर एकच गदारोळ. शेवटचं ताट एकटं सोडलं, तेही नियम घालून देणाऱ्यानेच. काय माणूस आहे, कुणी म्हणालं. सगळ्यांत जास्त तोंड मी सोडलं. तिचा जबडा दुखतो, तिला वेळ लागतो, दातांतलं मला कळतं आणि तुम्हाला लिफ्टमधलं कळतं, तेव्हा आपापल्या मजल्यावर राहावं, असं मी त्यांना सुनावलं. काका एका अक्षराने बोलले नाहीत.  काकांनी असं म्हणायला नको होतं, एवढंच हॅलोने लिहिलं. मला वाटलं, केवढी सोशिक बाई.

भांडणाची आमच्याकडे रीत ठरलेली आहे. भांडणाऱ्या दोघांना वाढप्याने मागच्या खोलीत न्यायचं. ती वेगळी खोली. तिथे गेलं की बाहेरची पंगत दिसत नाही, वाढप्याने दार उघडल्याशिवाय बाहेर येता येत नाही, दोघांनीच समोरासमोर जेवायचं. काय बोलायचं ते बोलावं, मिटवावं. वाढप्याने तिथलं वाचायचं नाही. आठवडा संपताना दार वाजवून मिटलं का ते विचारायचं आणि दोघांना बाहेर आणायचं. भांडण पुढच्या वाढप्याच्या गळ्यात टाकायचं नाही. शिवाय अजून एक नियम: रुसलेल्याची मनधरणी करायची नाही. पूर्वी रुसणाऱ्यांचं फार पीक आलं होतं, तेव्हा कंटाळून हा नियम केला. आणि ग्रुपबाहेर एकेकट्याने परस्पर बोलायची सोय तर पहिल्यापासूनच बंद, कारण एकट्या बायका जेवायला बसतात म्हटल्यावर काही पुरुषांच्या अंगात येतं.

टाचणीने दोघांना मागच्या खोलीत घातलं तो तिच्या पाळीचा शेवटचा दिवस होता. त्याच दिवशी तिच्या मुलीला दवाखान्यात न्यावं लागलं, पहिलं बाळंतपण, आणि टाचणी फोन, सुई, दोरा सगळं टाकून धावली. वाढपीपण माझ्याकडे आलं. भांडण मिटवल्याशिवाय टाचणी पाळी सोडणार नाही, हे मी धरून चालले. हॅलोचं नाव ग्रुपमध्ये दिसत होतं, पण ती बोलत नव्हती. काकाही नव्हते. मी म्हटलं, बसलेत रुसून दोघं. येतील.

आले नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. टाचणीला नात झाली आणि ती तिकडेच अडकली. पाळी माझीच चालू राहिली. पहिल्यांदा मला काळजी वाटली, मग वाईट वाटलं आणि मग चक्क राग आला. हिच्यासाठी मी सगळ्या ग्रुपसमोर भांडले आणि ही बाई माझ्याशीही बोलत नाही? मग मीही कमी नाही. मनधरणी करायची नाही असा नियमच आहे, नाही तर मी केली असती, असं मी स्वतःला सांगत होते. तोंड न पाहिलेल्या बाईवर रुसून मी कामावर जात होते, येत होते, ताट घेऊन बसत होते. दिवसभरात बाजूला काढून ठेवलेल्या गोष्टी तशाच राहायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काही चव नसायची.

माझा दादा आणि वहिनी आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. जेवायला येत जा म्हणून वहिनी पहिल्यापासून मागे लागलेली. फोनमधल्या माणसांसाठी घरची माणसं टाळते, हा तिचा जुना टोमणा. या वेळी मी गेले. वहिनीने आग्रहाने वाढलं, दादाने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला आणि मग परत वाढवला. बातम्यांत कुणी तरी कुणावर तरी ओरडत होतं. दादाचं झालं, तो उठला. वहिनीचं झालं, तीही उठली आणि माझ्या ताटाच्या भोवतीने टेबल पुसायला लागली. "तू जेव गं सावकाश," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. ओलं फडकं ताटाच्या कडेपर्यंत येत होतं आणि परत जात होतं. मी उरलेलं भराभर गिळलं आणि वर आले.

टाचणी परतली तेव्हा मी ठरवून टाकलं होतं. तिला म्हटलं, चाव्या घे, मी वाढपी राहत नाही आणि ग्रुपमध्येही राहत नाही. ती म्हणाली, दमलीस गं, झोप काढ, सगळं ठीक होतं. मी म्हटलं, झोपेने जाणारा थकवा नाही हा. तिने फार ओढाताण केली नाही. नात झाल्यापासून तिचा जीव दुसऱ्या कशात नव्हता. फक्त म्हणाली, "देताना सगळं आवरून दे. मागची खोली रिकामी आहे ना बघ."

ती तूच रिकामी केली असशील, असं म्हणता म्हणता मी मागची खोली उघडली. संध्याकाळची वेळ, ताट समोर, पहिला घास हातात. आत दोघं बोलत होते.

माझ्या समोर ओळींवर ओळी येत होत्या. लिफ्टकाका सांगत होते, त्यांच्या जिन्याखाली मांजरीने पिल्लं घातलीत आणि त्यातलं एक लिफ्टमध्ये शिरून वरच्या मजल्यावर गेलं होतं. हॅलो लिहीत होती, त्याच्याकडे परवानगी होती का बघायचं ना. मग ती म्हणाली, "आज परत हॉस्पिटलला फोन लावून पाहिला. ती मशीनमधली बाई म्हणते, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. माझ्यापेक्षा गोड आवाज आहे हो तिचा." काका म्हणाले, "गोड आहे. पण तिला ऐकू येत नाही." हातातला घास मी परत ताटात ठेवला. हॅलोची नोकरी गेली होती. केव्हा गेली ते मला माहीत नव्हतं, काकांना माहीत होतं. काकांनी विचारलं, कवळीला कळवावं असं नाही वाटत? ती म्हणाली, "कुठून कळवू? दार तिच्याकडे आहे."

वाढप्याने वाचायचं नसतं. मी लिहिलं, "मी आहे. कवळी."

 काकांनी लिहिलं, "वाढप्याने इथलं वाचायचं नसतं." एवढ्या दिवसांत नियम काही ते विसरले नव्हते. मी हात धुऊन आले, दोन्ही हातांनी फोन धरला आणि सगळं लिहून काढलं. टाचणीची मुलगी, माझी पाळी, तुम्ही रुसला असाल असं वाटलं, मनधरणीचा नियम, सगळं. लिहिता लिहिताच मला दिसत गेलं की आम्ही नियम इतके चोख पाळले की दोन माणसं आत राहून गेली. कुणीही एकाने एक नियम मोडला असता तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

"म्हणजे तू आम्हाला कोंडून ठेवलं नव्हतंस," हॅलोने लिहिलं.

"नाही गं. कशाला कोंडेन?"

"मग विसरलीस."

"मला वाटलं तूच मला सोडून गेलीस."

"पहिले काही दिवस मला वाटलं, मी खोटं बोलले म्हणून तू रागावलीस. ते चाललं असतं. विसरलीस हे नाही चालत."

कसलं खोटं, मी विचारलं. लिफ्टकाकांनी लिहिलं, मी जरा ताट घासून येतो, आणि ते खरंच गेले. या माणसाला मी आपल्या मजल्यावर राहा म्हणाले होते, हे आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग हॅलोने सांगितलं. तिचा जबडा कधीच दुखत नव्हता. तोंडात कवळी नव्हती, बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे होते. ग्रुपवर यायच्या आधीच ती जेवून घ्यायची, ताट घासून पालथं घालायची आणि मग फोन घेऊन बसायची. जेवायला तिला वेळ लागायचाच नाही, उभ्या उभ्या चार घासांत उरकायची. पण जो शेवटपर्यंत जेवतो त्याला सोबत मिळते, म्हणून 'अजून जेवतेय'. काकांनी ते ओळखलं, कारण ज्याचा हात खरकटा आहे तो इतकं झरझर लिहीत नाही. आणि त्यांना ओळखता आलं, कारण तेही तेच करत होते.

मी फोन बाजूला ठेवला. एका हाताने टाइप करणारं माणूस मला लगेच ओळखू येतं, ही माझी नेहमीची फुशारकी. हॅलो माझ्याशी रोज दोन्ही हातांनी बोलत होती आणि मी तिला मऊ खायला सांगत होते. माझं मलाच हसू आलं आणि त्या हसण्याने डोळे भरून आले. फोन परत उचलून मी विचारलं, "हे मला का नाही सांगितलंस?"

"तू सोबत करायचीस ती मी जेवत होते म्हणून. जेवत नाही म्हटलं असतं तर उठून गेली असतीस."

"नसते उठले."

"आता म्हणतेस."

खरंच, आताच म्हणत होते. मी म्हटलं, दार उघडलंय, दोघं बाहेर या. ती नको म्हणाली. बाहेर गर्दी फार झालीय, एक वाक्य लिहीपर्यंत बाकीच्यांची वाक्यं त्याला वर ढकलून देतात, इथे बरं आहे. मग मीच आत येऊन बसू का, असं मी विचारलं. तोवर काका परत आले होते. त्यांनी लिहिलं, "ही खोली भांडण असलेल्यांची आहे. आमचं अजून मिटलेलं नाही. तुमचं कुणाशी भांडण आहे?" त्यांना मला दुखवायचं नव्हतं, ते फक्त तपासत होते. माझं कुणाशीच भांडण नव्हतं. हॅलो काही म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. ती काही म्हणाली नाही. ताट तसंच भरलेलं असताना मी 'हात धुतले' लिहिलं आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मी एक कवळी लॅबच्या मालकांना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि परत दिली. एवढे सरळ दात लावू नकोस, खोटे दिसतात, एखादा जरा पुढेमागे कर, म्हणाले. ही गोष्ट मीच नव्या मुलींना शिकवते. मी दोन दात काढून परत बसवले. हे हॅलोला सांगायचं, असं मनात आलं. मग आठवलं की ती आपली आहे की नाही हे आता माहीत नाही. इतका शीण मला कधीच आला नव्हता.

त्या संध्याकाळी मी टाचणीकडे चाव्या दिल्या आणि ग्रुपवर लिहिलं की मी निघतेय, सांभाळून घेतलंत, आभारी आहे. कुणी रडका चेहरा टाकला, कुणी जोडलेले हात टाकले, कुणी 'अरेरे' म्हणालं. मग एकाने विचारलं की भांड्याचा करपलेला तळ कसा काढायचा आणि सगळे तिकडे वळले. मला वाईट वाटलं नाही. मीही तिथे असते तर तळाचंच बोलले असते. ग्रुपमधून बाहेर पडायचं बटण शोधत होते, तेवढ्यात तळाच्या चर्चेत हॅलोचं नाव उगवलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा.

"माझं कवळीशी भांडण आहे," तिने लिहिलं होतं.

करपलेला तळ तिथेच राहिला. टाचणी म्हणाली, आता हे काय नवीन? हॅलोने लिहिलं, "हिने इतकी वर्षं माझी सोबत केली. मी दिसेनाशी झाले तर हिने एक दार वाजवून बघितलं नाही. मला राग आलाय. लटका नाही, खरा." लिफ्टकाकाही मागोमाग बाहेर आले होते. त्यांनी खुलासा केला की एका माणसाची एकाच वेळी दोन भांडणं असू नयेत असं नियमांत कुठेही म्हटलेलं नाही, त्यांनी सगळे पुन्हा तपासून पाहिले आहेत.

"कवळी, तुझं काय म्हणणं?" टाचणीने विचारलं. "माफी मागतेस का? म्हणजे इथेच मिटेल आणि मला जेवता येईल."

माफी माझ्या अंगठ्याच्या टोकावर आली होती. चूक माझी होती आणि तिचं म्हणणं शब्द न शब्द खरं होतं. एक ओळ लिहिली की मिटलं. मिटलं की ती आत, मी बाहेर. मी ती ओळ पुसली. आणि पुसताना मला कळलं की मलाही राग आहे. हिची नोकरी गेली, हिने सांगितलं नाही. बत्तीस दातांच्या बाईला मी कवळी करून देणार होते, हिने सांगितलं नाही. एवढा वेळ थकवा थकवा म्हणून जे उरावर घेऊन फिरत होते, त्यात निम्मा हा राग होता.

"माफी मागणार नाही," मी लिहिलं. "माझंही तिच्याशी भांडण आहे. तेही खरं."

"काय बायका आहात," टाचणी म्हणाली आणि तिने आम्हाला मागच्या खोलीत ढकललं. तिचं जेवण गार झालं असणार.

टाचणीने काकांनाही आत घातलं, त्यांचं भांडण अजून मिटलं नव्हतंच. काका म्हणाले, दोघींनी आपापलं म्हणणं मांडावं, मी मध्ये पडणार नाही. हॅलो म्हणाली, आधी तिला जेवू द्या, ताट समोर असताना भांडू नये. मग मी जेवले आणि जेवता जेवता भांडलेही. एका हाताने भांडणं फार अवघड असतं. मी एक वाक्य लिहीपर्यंत तिची तीन यायची, सगळी माझ्यावर. तू विचारलं नाहीस. मी म्हटलं, तू सांगितलं नाहीस. तू स्वतःला शहाणी समजतेस. तू माझे सल्ले ऐकून मनातल्या मनात हसत होतीस. हसत नव्हते, ती म्हणाली, रात्री आठवून बरं वाटायचं, माझ्या दातांची कुणाला तरी काळजी आहे म्हणून.  बोर्डावरच्या शेवटच्या दिवसाचं मग तिने आपणहून सांगितलं. खुर्ची कुणी तरी लगेच दुसऱ्या खोलीत नेली आणि ती उभ्यानेच सगळ्यांचा निरोप घेऊन आली होती. राग पुरता गेला असं नाही, तिचाही नाही आणि माझाही नाही. पण ती लिहीत होती आणि मी वाचत होते.

माझं जेवण झालं. मी ताट घासलं, पुसलं, पालथं घातलं, हात कोरडे केले आणि फोन घेऊन परत खुर्चीत बसले. काका आज लवकर हात धुऊन गेले होते. मागच्या खोलीत आम्ही दोघीच उरलो होतो.

"झालं का तुझं?" हॅलोने विचारलं.

"अजून जेवतेय," मी लिहिलं, दोन्ही हातांनी.